नार्सिसिस्टिक व्यक्तींशी व्यवहार

स्वतःच्या थोरवीची अवास्तव कल्पना, कौतुकाची न भागणारी भूक आणि दुसऱ्याच्या भावनांविषयीची अनास्था ज्यांच्या स्वभावात ठळकपणे दिसते, अशा नार्सिसिस्टिक व्यक्तींशी स्वतःचे नुकसान होऊ न देता कसे वागावे आणि त्यांच्या वागण्यावर कितपत प्रभाव पाडता येतो, हा मानसशास्त्रातील मोठ्या व्यावहारिक महत्त्वाचा विषय आहे. या वृत्तीवर सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१४ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० पासून तिच्या तीव्र रूपाची व्यक्तिमत्त्व विकार म्हणून नोंद आहे. पुस्तिकेतील नऊ निकषांपैकी किमान पाच लागू पडल्याखेरीज हे निदान होत नाही आणि ते तज्ज्ञानेच करावयाचे असते; म्हणून चढेल वरिष्ठाला किंवा बढाईखोर नातेवाइकाला सरसकट विकारग्रस्त ठरवणे अन्यायाचे आहे.

अशा माणसाचा चारचौघांत पाणउतारा केला की तो ताळ्यावर येईल, हा समज सर्वांत घातक होय. ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींनी लिहिलेल्या निबंधांवर काहींना स्तुतीचा, तर काहींना ‘इतका वाईट निबंध क्वचितच वाचला’ अशा आशयाचा शेरा मिळाला. नंतरच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाज ऐकवण्याची मुभा होती; हा प्रतिस्पर्धी काहींसाठी शेरा देणाराच, तर काहींसाठी त्रयस्थ होता. अपमान झालेल्या नार्सिसिस्टिक सहभागींनी शेरा देणाऱ्यावर सर्वाधिक आक्रमकता दाखवली. त्रयस्थावर मात्र त्यांनी तसा राग काढला नाही. डिवचलेला अहंकार सूड उगवतो, हे यातून स्पष्ट होते.

म्हणून चूक दाखवायची ती एकांतात, स्वभावावर ठपका न ठेवता, एका ठरावीक कृतीपुरती. बैठकीत आपल्या कामाचे श्रेय लाटणाऱ्या वरिष्ठाला तिथेच खोटे पाडण्यापेक्षा, कोणी कोणता भाग केला याची नोंद बैठकीआधीच सर्वांना ईमेलने पाठवणे अधिक परिणामकारक ठरते. खऱ्या चांगल्या कामाची दाद जरूर द्यावी. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवल्याने अपेक्षा तेवढ्या वाढतात. मर्यादा मोजक्या शब्दांत सांगावी, उदाहरणार्थ, ‘आवाज चढला तर मी फोन ठेवीन’, आणि ती दर वेळी पाळावी, कारण एकदा दिलेली सूट पुढे हक्क म्हणून मागितली जाते. लांबलचक खुलासे देणे टाळावे. त्यांतून वादाला नवे मुद्दे मिळतात.

बदल अशक्य नसतो. एरिका हेपर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात, कौटुंबिक हिंसेचा अनुभव सांगणाऱ्या स्त्रीचे चित्रण पाहताना तिच्या जागी स्वतःला कल्पण्याची सूचना मिळाली, तेव्हा अधिक नार्सिसिस्टिक सहभागींचीही सहानुभूती वाढली. हे सहभागी विकाराचे रुग्ण नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. विकारावर दीर्घकालीन मानसोपचार हाच मुख्य उपाय मानला जातो, पण आपल्यात काही दोष आहे हेच मान्य नसल्याने अनेक जण उपचारांकडे वळत नाहीत किंवा ते अर्धवट सोडतात.

जिथे धमक्या, मारहाण किंवा आर्थिक कोंडी असते, तिथे समोरच्याला सुधारण्याचा भार पीडितावर टाकणे सर्वस्वी गैर आहे. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात मोडतो आणि पीडित स्त्रीला संरक्षण आदेश व निवासाचा आदेश मागता येतो.