वस्तरे, जुने : ओळख व दुर्मिळता

मुठीत मिटणाऱ्या, एकसंध पोलादी पात्याच्या जुन्या वस्तऱ्याचा कारखाना व काळ ठरवणे आणि तो कितपत दुर्मिळ आहे हे जोखणे, हा जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यासंग आहे. जिलेट यांच्या सेफ्टी रेझरला अमेरिकेत १९०४ मध्ये पेटंट मिळाले, पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या हाती गेला आणि घरोघरचा वस्तरा मागे पडला. तोवर इंग्लंडमधील शेफील्ड व जर्मनीतील झोलिंगेन येथून वस्तऱ्यांची अमाप पैदास झालेली होती. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा वस्तरा तेवढ्यानेच दुर्मिळ ठरत नाही.

ओळखीचा पहिला आधार म्हणजे पाते आणि खिळा यांच्यामधल्या जाड मानेवर ठोकलेला शिक्का. शेफील्डमध्ये कारागिरांच्या शिक्क्यांवर १६२४ मध्ये स्थापन झालेल्या हॅलमशायरच्या (शेफील्ड परिसराच्या) कटलर संघाची, म्हणजे सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्यांच्या संघाची, देखरेख असे. जोसेफ रॉजर्स यांचा तारा व माल्टीज क्रूस, वोस्टनहोम यांचा ‘आयएक्सएल’, झोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याचे १७३१ पासूनचे जुळ्या माणसांचे चिन्ह हे शिक्के सहज ओळखू येतात. काही शेफील्ड वस्तऱ्यांवर मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असतात. ‘डब्ल्यूआर’ ही अक्षरे चौथ्या विल्यमची. त्याची कारकीर्द १८३० ते १८३७ एवढीच असल्याने असे वस्तरे थोडे. राणी व्हिक्टोरियाचे ‘व्हीआर’ मात्र १८३७ ते १९०१ या लांबलचक काळात कोठेही बसू शकते, म्हणून त्यावरून फारसे काही निश्चित होत नाही.

देशाचे नाव हा कालनिर्णयाचा सर्वांत वापरला जाणारा आणि सर्वांत चुकीचा वापरला जाणारा पुरावा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्यामुळे १८९१ पासून तेथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे ठोकलेला वस्तरा म्हणूनच बहुधा त्यानंतरचा. उलट अनुमान मात्र टिकत नाही. इंग्लंडमध्येच विकलेल्या किंवा हिंदुस्थानात आलेल्या मालाला तो कायदा लागू नव्हता. तेव्हा देशाचे नाव नाही एवढ्यावरून वस्तरा १८९१ पूर्वीचा ठरवणे हा विक्रेत्यांचा आशावाद होय. पोलादाच्या नावाचेही तसेच. ‘कास्ट स्टील’ म्हणजे बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात शेफील्डजवळ सिद्ध केलेले, मुशीत वितळवून ओतलेले पोलाद. सुऱ्या-वस्तरे घडवणारे स्टोडार्ट व शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादात चांदी मिसळण्याचे प्रयोग केले आणि ‘सिल्व्हर स्टील’ हे शब्द पात्यांवर झळकू लागले. त्या पात्यांत चांदी असेलच असे नाही.

शिक्का खोटा किंवा उसना असू शकतो. घडण लपवणे त्याहून अवघड. अठराव्या शतकातील वस्तऱ्याला मागची शेपटी, म्हणजे खिळ्यापलीकडे निघणारे पोलादी टोक, जवळजवळ नसते, पाते टोकाकडे रुंदावते आणि आडवा छेद पाचरीसारखा भरीव असतो. एकोणिसाव्या शतकात शेपटी लांबत गेली. दोन्ही बाजू घासून पोकळ केलेले पातळ पाते शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले आणि त्यात झोलिंगेनच्या घासकाम करणाऱ्यांचा हात विशेष बसला होता. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. ५/८ आणि ६/८ हे नित्याचे. पूर्ण इंच रुंदीचे, वेड अँड बुचरसारख्या शेफील्डच्या कारखान्यांचे जाडजूड वस्तरे संग्राहकांना फार प्रिय आहेत. मूठ हाही पुरावा आहे, पण दुबळा. शिंग, हस्तिदंत, कासवाची पाठ, पुढे सेल्युलॉइड असा क्रम सांगता येतो. तथापि मुठी सर्रास बदलल्या जात. नवे चकचकीत खिळे किंवा पात्याशी न जुळणारी मुठीची वक्रता दिसली, तर दोन वस्तऱ्यांचा एक केल्याची शंका घ्यावी. सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणाऱ्या वायूंनी पाते गंजते, आणि तो गंज नेमका मूठ मिटल्यावर झाकल्या जाणाऱ्या भागात दिसतो.

दुर्मिळता जोखताना मोठा घोटाळा नावांमुळे होतो. झोलिंगेनचे कारखाने दूरदूरच्या दुकानदारांसाठी त्यांच्या नावाचे वस्तरे करून देत. असे एखादे नाव पुन्हा कोठेच आढळत नाही, आणि विकणारा त्याला अतिदुर्मिळ म्हणतो. वस्तुतः नाव विरळ, वस्तरा मात्र चारचौघांसारखा. खरी दुर्मिळता अनेक गोष्टी एकत्र टिकण्यात असते : मूळ मूठ, मूळ पेटी, तेजाबाने कोरलेली व सोन्याचा मुलामा दिलेली नक्षी, आणि पात्याची न झिजलेली पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड. पाठीवर वाराची नावे असलेले सात वस्तऱ्यांचे संच याचे उत्तम उदाहरण; सातांपैकी एक हरवून दुसरा बसवला, की संच राहतो, मोल उतरते. अति पॉलिश हा तर शत्रूच. त्याने डाग जातात, पण शिक्क्याच्या कडा व नक्षीही जातात, आणि त्या पुन्हा आणता येत नाहीत. धारेवर केसाएवढी चीर असेल तर बाकीच्या गुणांची चर्चा बहुधा तेथेच थांबते.

भारतात नाभिकांच्या धोकटीतून आलेले परदेशी वस्तरे वर्षानुवर्षांच्या धार लावण्याने अरुंद झालेले असतात, त्यामुळे बाजारात त्यांना भाव कमी. मूळ रुंदी किती होती हे मानेच्या व खांद्याच्या जाडीवरून अंदाजता येते. हस्तिदंती मुठीचा वस्तरा कितीही देखणा असला तरी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी असल्याने, येथे त्याची किंमत ठरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.