गणन आणि संभाव्यता

एखादी घटना घडण्याची शक्यता ० ते १ या दरम्यानच्या संख्येने मांडली की तिला त्या घटनेची संभाव्यता म्हणतात. सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या असतील, तर अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला एकूण संख्येने भागायचे, एवढेच सूत्र. कस लागतो तो मोजण्यात.

कोल्हापूरच्या वाहनांवर 'एमएच ०९'नंतर मालिकेची अक्षरे आणि ०००१ ते ९९९९ मधला क्रमांक असतो. म्हणजे एका मालिकेचा नमुना अवकाश (सर्व शक्य निष्पत्तींचा संच) ९,९९९ चा. चारही अंक वेगळे असलेले क्रमांक मोजताना पहिल्या जागेला १० पर्याय, पुढे ९, ८ आणि ७, गुणाकार ५,०४०. संभाव्यता ०.५०४. जवळजवळ निम्म्या क्रमांकांत एखादा अंक पुन्हा येतोच, हे अनेकांना खरे वाटत नाही. अंकांची बेरीज करत गेल्यावर शेवटी ९ उरणारे, म्हणजे ९ ने भाग जाणारे क्रमांक १,१११. संभाव्यता बरोबर १/९.

निदान एक ९ असलेले क्रमांक किती? प्रत्येक जागेवर ९ ठेवून १,००० पर्याय, चार जागांचे ४,००० असे उत्तर हमखास येते आणि ते चुकते. ९९०९ त्यात तीनदा मोजला जातो. इथे उलटे मोजावे. एकही ९ नसलेल्या मांडण्या ९×९×९×९ = ६,५६१; त्यातली ०००० वगळून ६,५६०. उरले ३,४३९. 'निदान एक' हे शब्द दिसले की आधी 'एकही नाही' मोजणे सोपे जाते.

तालमीतल्या ८ पैलवानांच्या वेगवेगळ्या जोड्या किती लागतील? ८×७ = ५६ मध्ये प्रत्येक जोड दोनदा येते, म्हणून २८. हा समचय, म्हणजे क्रम न धरता केलेली निवड. मॅटवर लाल पोशाख कोणाचा नि निळा कोणाचा हेही धरायचे असेल, तर क्रम महत्त्वाचा ठरतो आणि ५६ हेच उत्तर योग्य, तो क्रमचय.

शाहू स्टेडियमवर एखाद्या संघाने सलग ५ नाणेफेकी हरण्याची संभाव्यता १/३२. पण पाच हरून झाल्यावर सहावी जिंकण्याची १/२ च राहते, कारण नाण्याला मागचे काही ठाऊक नसते.

क्रमांकांचे वरचे हिशेब क्रमांक यादृच्छिकपणे निवडला तरच लागू पडतात. जादा शुल्क भरून पसंतीचा क्रमांक घेता येतो, त्यामुळे रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांवर सगळे क्रमांक समसंभाव्य धरता येत नाहीत.