डीएसएलआरवर माहितीपट करताय? कार्ड आमच्याकडे आणण्याआधी हे वाचा

एडिटिंगसाठी लोक आमच्याकडे येतात तेव्हा शूटिंग बहुतेक वेळा आटोपलेलं असतं. पिशवीत चार-पाच कार्डं, एक हार्डडिस्क, कुणाकुणाच्या मोबाईलवरचे तुकडे, आणि रेकॉर्डरमधला आवाज "भाच्याच्या लॅपटॉपवर असेल". यातूनही फिल्म होते, पण पहिले काही दिवस नुसते निवडण्यात आणि लावण्यात जातात, आणि त्या दिवसांचं बिल तुम्हालाच येतं. शूटिंगच्या आधी तासभर बसून ठरवलं तर यातलं बरंच वाचतं. काय ठरवायचं ते इथे सांगतो. उदाहरण वारीचं घेऊ, कारण आषाढ जवळ आला की हा विषय घेऊन कुणी ना कुणी येतंच.

आधी शेवट ठरवा

फिल्म कुठे दाखवणार? यूट्यूबवर, महोत्सवात, की गावातल्या सभागृहात प्रोजेक्टरवर? यावरून फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) घ्यायच्या, ते ठरतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ही जोडी सुरक्षित. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलंत तर काही ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. थिएटरसाठी डीसीपी (सिनेमागृहात चालणारी डिजिटल प्रत) करायची असेल तर २४ फ्रेम जास्त सोयीचे. २५ वरून २४ वर नेता येतं, पण फिल्म चार टक्के हळू होते आणि आवाजाची पट्टीही सांभाळावी लागते. काहीही निवडा, पण सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच ठेवा. २५ च्या टाइमलाइनवर ३० चा शॉट टाकला की चालणाऱ्या दिंडीची पावलं अडखळायला लागतात.

कॅमेरा परदेशातून आणलेला असेल तर मेनूत एनटीएससी (अमेरिका-जपानकडची व्हिडिओ पद्धत) लावलेलं असण्याची शक्यता मोठी. ते बदलून ‘पाल’ (PAL, आपल्याकडची पद्धत) केल्याशिवाय २५ चा पर्याय दिसतच नाही. मित्राकडून जुना कॅनन ५डी मार्क २ आणणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहा: २००८ मध्ये तो आला तेव्हा त्यात फक्त ३० फ्रेम होते, २४ आणि २५ हे २०१० च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने) दिले.

जागेचा हिशेब

कॅमेरा व्हिडिओ दोन पद्धतींनी साठवू शकतो, ऑल-आय आणि आयपीबी. कॅनन ५डी मार्क ३ वर ऑल-आय पद्धतीने मिनिटाला सुमारे ६८५ एमबी लागतात, आयपीबीने सुमारे २३५. वारीत १८ दिवस रोज दोन तास शूट केलंत तर ३६ तास होतात. ऑल-आयने ते दीड टीबीच्या आसपास जातं, आयपीबीने अर्ध्या टीबीवर थांबतं. दोन प्रती ठेवायच्या म्हणजे हे आकडे दुप्पट.

ऑल-आयमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली असते. आयपीबीत अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं. म्हणून जागा कमी लागते, पण एडिट करताना संगणकाला प्रत्येक ठिकाणी चित्र नव्याने जुळवावं लागतं आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो. आमचं मत विचाराल तर मुलाखती आणि चालत्या प्रसंगांसाठी आयपीबी पुरेसं आहे. एडिट आम्ही तसंही प्रॉक्सीवर करतो. प्रॉक्सी म्हणजे मूळ फुटेजची हलकी नक्कल. प्रोरेस या एडिटिंगच्या फॉरमॅटमधल्या प्रॉक्सीला पूर्ण एचडीत २५ फ्रेमला सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला १७ जीबी. शेवटी मूळ फाइली परत जोडल्या जातात, त्यामुळे फिल्मचा दर्जा प्रॉक्सीमुळे घटत नाही.

रात्री मुक्कामावर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दिवसभर चालून, भिजून माणूस मुक्कामाला येतो, चार्जिंगसाठी एकच बोर्ड असतो, आणि तेव्हाच कार्ड रिकामं करायचं असतं. कॅननच्या फाइलींची नावं एमव्हीआय आणि पुढे चार आकडे अशी असतात. दोन कॅमेरे असले की तेच आकडे दोन्हीकडे येऊ शकतात. एका ग्राहकाने दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली. संगणकाने "रिप्लेस करू का?" विचारलं आणि झोपेत असलेल्या हाताने हो म्हटलं. एका कॅमेऱ्याचं रिंगण गेलं. ते परत मिळालं नाही, आणि रिंगण काही कुणी पुन्हा लावून देत नाही.

म्हणून प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर करा: दिवस, कॅमेरा, कार्ड या क्रमाने, आणि नाव इंग्रजी अक्षरांत. देवनागरी नावांवर काही सॉफ्टवेअर पुढे अडून बसतात. त्यात कार्ड जसंच्या तसं कॉपी करा, हवे तेवढेच शॉट ओढून घेऊ नका. प्रत दोन हार्डडिस्कवर घ्या आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या पिशवीत ठेवा. टेराकॉपीसारखं प्रत पडताळणारं सॉफ्टवेअर वापरा. दोन्ही प्रती उघडून, चालवून पाहिल्यावरच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच. आणि एडिट सुरू झाल्यावर फाइलींची नावं बदलू नका, मग चूक कितीही डोळ्यात खुपली तरी.

लांब कीर्तनाच्या फाइलीचे तुकडे झालेले दिसले तर घाबरू नका. जुन्या कार्डांच्या फॅट-३२ रचनेत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून कॅमेरा पुढचा भाग नव्या फाइलीत लिहितो. मार्क २ मात्र साधारण बारा मिनिटांनी सरळ थांबतो. अनेक डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांनीही थांबतात. त्याचं मूळ युरोपातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवरच्या जकातीत आहे. अर्ध्या तासापेक्षा कमी रेकॉर्ड करणारा तो "फोटोचा कॅमेरा" ठरायचा! बुवा ऐन रंगात असताना कॅमेरा थांबलाय हे कळायला कुणीतरी घड्याळाकडे बघत बसायला हवं.

आवाज

वेगळा रेकॉर्डर वापरा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. कॅमेऱ्यातला आवाजही चालू राहू द्या, त्याच्याशीच सिंक लावायचं, म्हणजे रेकॉर्डरचा आवाज चित्राशी जुळवायचा असतो. मुलाखतीच्या सुरुवातीला टाळी वाजवा, शक्य असेल तर शेवटीही, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत आणि तासाभरात ओठ आणि शब्द मागेपुढे होऊ शकतात. भजनाचा एक सापळा लक्षात ठेवा. सॉफ्टवेअर आवाजाच्या लाटा जुळवून सिंक लावतं, आणि एकाच ठेक्यात वाजणाऱ्या टाळ-मृदंगाच्या लाटा सगळीकडे सारख्याच दिसतात. ते कधी कधी एक आवर्तन सोडून जुळवतं. रेकॉर्डिंग सुरू करताना "दिवस तिसरा, भजन दुसरं" असं मोठ्याने बोललात तर आमचं काम सोपं होतं.

मोबाईलवरच्या क्लिप वेगळ्या ठेवा. त्यांचा फ्रेमरेट चालता चालता बदलतो, तो आधी स्थिर करून घ्यावा लागतो. आणि कृपा करून त्या व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र पिळून निघतं.

रंग

डीएसएलआरचं चित्र सहसा ८ बिटचं असतं. फार फिकं (कमी कॉन्ट्रास्टचं) शूट केलंत तर ग्रेडिंग, म्हणजे रंग सुधारण्याचं काम, करताना आभाळात रंगाच्या पायऱ्या दिसतात. पांढरी धोतरं उन्हात जळली तर ती आम्हालाही परत आणता येत नाहीत. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका.

पिक्चर लॉक

मुलाखती कागदावर उतरवून द्या, वेळेसकट. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्याचं म्हणणं तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. रफ कट (पहिली कच्ची जुळणी) पाहून हवे तेवढे बदल सांगा, त्यासाठीच तो असतो. मग लॉक, म्हणजे यापुढे चित्रांची जुळणी बदलायची नाही. लॉकनंतरच साउंड मिक्सिंग, ग्रेडिंग आणि सबटायटल सुरू होतात. त्यानंतर मधले दहा सेकंद काढले की पुढचं सगळं तिन्ही ठिकाणी सरकतं. म्हणून लॉकला आम्ही ईमेलवर होकार घेतो आणि पुढच्या बदलांचे पैसे वेगळे लावतो. यावरून नाराजी होते हे माहीत आहे, म्हणूनच आधी लिहून ठेवलंय.

मास्टर (फिल्मची अंतिम मूळ प्रत) प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये देतो. तासाभराच्या फिल्मला सुमारे ८३ जीबी लागतात, तेवढी रिकामी डिस्क सोबत आणा. आमच्याकडे फुटेज काम संपल्यापासून ९० दिवस राहतं, मग पुसलं जातं.

शूटिंगच्या आधी एकदा कॅमेरा आणि रेकॉर्डर घेऊन या. मिनिटभर शूट करून ते फुटेज कॉपीपासून मास्टरपर्यंत तुमच्यासमोर नेऊन दाखवतो. याचे पैसे घेत नाही. पालख्या निघायच्या आदल्या आठवड्यात मात्र गर्दी असते, फोन करून या.