निजामाचा इंग्रज वकील

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे हैदराबादेत तिघांच्या घरांना हजारोंच्या जमावाने वेढा घातला. पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर सुलतान अहमद आणि सर वॉल्टर मॉन्क्टन. भारत सरकारशी बोलून ठरवलेला जैसे थे करार (विलीनीकरण न करता पूर्वीचे व्यवहार तसेच चालू ठेवण्याचा) घेऊन हे तिघे त्या सकाळी दिल्लीला निघायचे होते. कासीम रझवीच्या इत्तेहाद-उल-मुस्लिमीन या संघटनेच्या लोकांनी त्यांना घराबाहेर पडू दिले नाही. रझवी हा लातूरचा वकील मराठवाड्यात कुणाला नव्याने सांगावा लागत नाही. निजामाच्या बाजूने कागद लिहिणारा दुसरा वकील मॉन्क्टन मात्र आपल्याकडे जवळजवळ विस्मरणातच गेला आहे.

मॉन्क्टन १८९१ साली केंटमध्ये जन्मला. हॅरो, मग ऑक्सफर्ड, तिथल्या विद्यार्थी युनियनचे अध्यक्षपद. महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळाला. १९१९ मध्ये वकिलीची सनद आणि १९३० मध्ये किंग्ज काउन्सेल, म्हणजे ज्येष्ठ वकिलाचा मान. पुढे तो युवराज एडवर्डचा कायदेशीर सल्लागार झाला, आणि १९३६ च्या डिसेंबरात एडवर्डने लग्नापायी गादी सोडली तेव्हा राजवाडा आणि पंतप्रधान बाल्डविन यांच्यात निरोपांची ने-आण यानेच केली. विशेष म्हणजे दोन्ही बाजूंचा विश्वास त्याने गमावला नाही. नव्या राजाने लगेच त्याला ‘सर’ केले.

निजामाशी त्याचा संबंधही त्याच दशकातला. १९४७ मध्ये मीर उस्मान अली खानांना भारतात सामील व्हायचे नव्हते, आणि लढण्याइतके बळही नव्हते. अशा अशिलासाठी वेळ मिळवणे एवढेच वकिलाच्या हाती उरते. माउंटबॅटन मॉन्क्टनचे जुने मित्र, त्यामुळे दिल्लीचे दार उघडे होते. पण वेढ्यानंतर छत्तारींनी राजीनामा दिला, मॉन्क्टनही बाजूला झाला. नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले आणि २९ नोव्हेंबरला सही झाली ती जवळजवळ त्याच मसुद्यावर! १९४८ मध्ये मॉन्क्टन पुन्हा आला. जूनमधला शेवटचा मसुदाही निजामाने नाकारला. सप्टेंबरात भारताच्या फौजा शिरल्या, आणि पुढचे १७ सप्टेंबर मराठवाड्याला तोंडपाठ आहे.

राजकारणात तो उतरला तो साठीला पोचल्यावर. १९४५ मध्ये चर्चिलने त्याला काही आठवड्यांसाठी सॉलिसिटर जनरल केले होते, पण तेव्हा तो खासदारही नव्हता. १९५१ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टल वेस्टची पोटनिवडणूक हुजूर पक्षातर्फे जिंकली आणि ऑक्टोबरात थेट कामगारमंत्री. संपवाल्यांशी वाद घालू नका, मिटवा, हे चर्चिलचे धोरण त्याच्या स्वभावाला अगदी मानवले. पगारवाढी देऊन शांतता विकत घेतली, असा ठपका पुढे त्याच्यावर आला. तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये तो संरक्षणमंत्री झाला. १९५६ मध्ये इजिप्तच्या सुएझ कालव्यावर हल्ला करण्याचा सरकारचा बेत त्याला पटला नाही. त्याने खाते सोडले, मंत्रिमंडळ नाही. मतभेद आहेत पण सरकार पडू नये, ही भूमिका पक्की वकिली होती. मला ती धाडसाची वाटत नाही.

१९५७ मध्ये व्हायकाउंट, म्हणजे उमराव, होऊन तो मिडलँड बँकेचा अध्यक्ष झाला. शेवटचे मोठे काम आफ्रिकेतले: ऱ्होडेशिया आणि न्यासालँड (आजचे झांबिया, झिंबाब्वे आणि मलावी) संघराज्याविषयीचा आयोग. घटक प्रदेशांना बाहेर पडण्याचा हक्क असावा, असे त्याच्या अहवालाने १९६० मध्ये सुचवले. १९६३ च्या अखेरीस ते संघराज्य मोडले. मॉन्क्टन १९६५ च्या जानेवारीत वारला.