सिम्बॉल-दृश्यता

सिम्बॉल-दृश्यता : शेअर्ड लायब्ररीतील (अनेक प्रोग्रॅमांनी चालताना सामायिकपणे वापरायच्या संहिता-संचातील) कोणती फंक्शने व चले बाहेरच्या प्रोग्रॅमला नावाने सापडावीत आणि कोणती लायब्ररीच्या आतच राहावीत, हे ठरविण्याची व्यवस्था. अशा प्रत्येक नावाला सिम्बॉल म्हणतात. सी भाषेतील ‘स्टॅटिक’ नावाला एका फाइलपुरते बांधून ठेवते, तर सी++ मधील ‘प्रायव्हेट’ हा केवळ कंपायलरने तपासायचा नियम आहे. दृश्यता या दोहोंहून वेगळी. एखाद्या वर्गाचे प्रायव्हेट फंक्शनसुद्धा लायब्ररीच्या सिम्बॉल-तक्त्यात उघडे पडलेले असू शकते, आणि पुष्कळदा असतेही. अनेक ऑब्जेक्ट फाइली (कंपायलरने बनविलेले यंत्रसंहितेचे तुकडे) लिंकरने जोडून एक लायब्ररी होते. त्या फाइलींना एकमेकींची नावे दिसली पाहिजेत, पण लायब्ररीच्या उंबरठ्याबाहेर ती जाता कामा नयेत, ही गरज भाषेच्या मानकात कुठेच बसत नाही, कारण सी व सी++ च्या मानकांना शेअर्ड लायब्ररी ठाऊकच नाही. साहजिकच हे काम फाइल-स्वरूप, लिंकर व कंपायलर यांच्यात वाटले गेले आणि प्रत्येक प्रणालीने ते आपापल्या रीतीने उरकले.

मूळ भेद आहे तो न सांगता काय गृहीत धरायचे याचा. विंडोजच्या डीएलएलमध्ये (तेथील शेअर्ड लायब्ररीत) सगळे बंद असते. जे निर्यात म्हणून सांगितले तेवढेच बाहेर जाते. ईएलएफ हे फाइल-स्वरूप वापरणाऱ्या युनिक्स-वळणाच्या प्रणालींत आणि मॅकच्या माख-ओ स्वरूपात याच्या उलट, जे झाकले नाही ते सगळे उघडे. एकाच उगम-संहितेतून दोन्हीकडे लायब्ररी बांधणाऱ्याची बहुतेक ओढाताण या एका भेदातून निघते.

उगमाविषयी एक समज रूढ आहे, तो असा की दृश्यता ही जीसीसी कंपायलरने २००५ च्या सुमारास आणलेली सोय. हा समज टिकत नाही. विंडोजकडील परंपरा १६-बिट काळातील मॉड्यूल-डेफिनिशन फाइलींपर्यंत, म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मागे नेता येते. त्या फाइलींत ‘एक्सपोर्ट्स’ या मथळ्याखाली नावे लिहीत. संहितेतच खूण करण्याची ‘डेक्लस्पेक’ पद्धत ३२-बिट कंपायलरांबरोबर रुळली. युनिक्सकडे सनओएस ४ व पुढे सिस्टिम व्ही रिलीज ४ यांच्या रचनाकारांनी शेअर्ड लायब्ररी शक्यतो जुन्या स्टॅटिक लायब्ररीसारखीच (बांधतानाच प्रोग्रॅममध्ये मिसळून जाणाऱ्या लायब्ररीसारखीच) वागावी असा आग्रह धरला. म्हणून प्रत्येक जागतिक (एका फाइलपुरते न बांधलेले) नाव उघडे राहिले आणि मुख्य प्रोग्रॅमला त्याच नावाचे स्वतःचे फंक्शन पुढे करून लायब्ररीतले बाजूस सारण्याची मुभा मिळाली. नावे झाकण्याचा पहिला प्रचलित मार्ग लिंकरला दिलेल्या नकाशा-फाइलीचा होता. सोलारिसमध्ये तो १९९० च्या दशकाच्या मध्यास स्थिरावला, आणि ग्नू लिंकरच्या व्हर्जन-स्क्रिप्टने त्याचेच वळण उचलले. त्यात निर्यातीची नावे ‘ग्लोबल’ खाली लिहून बाकी सर्वांसाठी ‘लोकल’ पुढे एक तारका टाकली की काम भागते. ईएलएफमधील चार दृश्यता-मूल्यांची कल्पना मात्र सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स प्रणालीतून आली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वसाधारण तपशील-संहितेत समाविष्ट झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते; मूल्यांची नावे आणि सिम्बॉलच्या नोंदीतील त्यांची जागा दोन्हीकडे जुळतात. जीसीसीने दृश्यतेचे ॲट्रिब्यूट (घोषणेला जोडायची खूण) ३.३ या आवृत्तीत (२००३) घेतले. सर्व नावे आधी झाकणारा ‘एफव्हिजिबिलिटी’ हा पर्याय व त्यासोबतचे प्रॅग्मा (संहितेतूनच कंपायलरला दिलेली सूचना) ४.० मध्ये (२००५) आले. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने हीच भाषा पुढे चालविली.

ईएलएफच्या सिम्बॉल-नोंदीत ‘एसटी_अदर’ नावाचे एक बाइटचे क्षेत्र असते आणि त्याचे खालचे दोन बिट दृश्यता सांगतात : ० म्हणजे डिफॉल्ट, १ इंटर्नल, २ हिडन, ३ प्रोटेक्टेड. एकच नाव वेगवेगळ्या ऑब्जेक्ट फाइलींत वेगळ्या दृश्यतेने आले, तर लिंकर सर्वांत कडक दृश्यता स्वीकारतो. अंतिम लायब्ररी तयार होताना हिडन सिम्बॉल काढून टाकला जातो किंवा स्थानिक केला जातो. तथापि हिडन फंक्शनचा पत्ता पॉइंटरमधून बाहेर दिला तर बाहेरचा प्रोग्रॅम ते खुशाल चालवू शकतो. झाकले जाते ते नाव; यंत्रसंहिता जिथल्या तिथे असते. दृश्यतेला सुरक्षेचे साधन समजणे म्हणूनच चूक आहे.

उघडेपणाची किंमत दुहेरी असते. समजा, एका प्रोग्रॅमने दोन लायब्रऱ्या घेतल्या आणि दोघींनी आपापल्या पोटात झेडलिबच्या (माहिती आकुंचित करून पुन्हा उलगडणाऱ्या लायब्ररीच्या) वेगवेगळ्या आवृत्त्या घातल्या आहेत. दोघींतही ‘इनफ्लेट’ हे नाव उघडे आहे. ईएलएफचा लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या स्मृतीत उतरवून नावे जोडणारा) शोधक्रमात जी आधी येते तिचे ‘इनफ्लेट’ दोघींनाही जोडून देतो. दुसरी लायब्ररी स्वतःची रचना भरते, पण ती वाचणारे फंक्शन मात्र परक्या आवृत्तीचे, आणि बिघाड तिसऱ्याच ठिकाणी दिसतो. मॅकवर २००१ च्या १०.१ आवृत्तीपासून द्विस्तरीय नामावकाश आहे. तेथे नावासोबत ते कोणत्या लायब्ररीतले हेही नोंदले जात असल्याने ही टक्कर बरीचशी टळते.

दुसरी किंमत वेगाची. डिफॉल्ट दृश्यतेचे फंक्शन कोणीही बदलू शकते, असे धरूनच कंपायलरला चालावे लागते. परिणामी त्याच लायब्ररीतल्या त्याच फंक्शनला हाक मारतानाही संहिता पीएलटी या मध्यस्थ पत्त्यांच्या तक्त्यातून उडी घेते, आणि इनलाइन करण्यावरही (फंक्शनची संहिता हाकेच्या जागीच उतरविण्यावरही) बंधन पडते. हिडन केले की हाक थेट जाते. टेम्प्लेटांनी भरलेल्या सी++ लायब्रऱ्यांत लाखो लांबलचक नावे लोडरच्या अंगावर येतात. टीएनफॉक्स या लायब्ररीची पायथॉन-जोडणी उतरवायला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागत असे, तो नावे झाकल्यावर आठ सेकंदांवर आला, हे उदाहरण जीसीसीच्या दस्तऐवजांतून वारंवार दिले जाते. नावे उघडीच ठेवून फक्त बदलण्याची मुभा काढून घेणारा पर्यायही जीसीसीत आहे; तो वापरून शेअर्ड स्वरूपात बांधलेला सीपायथॉन ३.१० सुमारे ३० टक्क्यांपर्यंत अधिक वेगाने चालतो.

प्रोटेक्टेड या मूल्यावर सर्वाधिक वाद झाला आहे. कल्पना आकर्षक आहे : नाव बाहेर दिसेल, पण लायब्ररीच्या आतून घेतलेला संदर्भ नेहमी स्वतःच्याच व्याख्येकडे जाईल. अडचण मुख्य प्रोग्रॅमच्या बाजूने येते. जुन्या पद्धतीने, निश्चित पत्त्यांवर बांधलेला प्रोग्रॅम लायब्ररीतील चल थेट पत्त्याने वाचू पाहतो. पत्ता आधी ठाऊक नसल्याने लिंकर प्रोग्रॅमच्याच स्मृतीत त्या चलासाठी जागा राखतो, आणि लोडर सुरुवातीचे मूल्य तेथे उतरवून घेतो. याला कॉपी रिलोकेशन म्हणतात. डिफॉल्ट दृश्यतेत लायब्ररीही मग त्या नव्या जागेकडेच पाहते. प्रोटेक्टेड असल्यास ती स्वतःच्या मूळ जागेला चिकटून राहते. मग लायब्ररीने मोजणीचे चल ० वरून १ केले तरी प्रोग्रॅमला ० च दिसतो. एका नावाची दोन चले झालेली असतात. फंक्शनच्या पत्त्याचीही तीच गत. प्रोग्रॅम आपल्या पीएलटीतील पत्ता धरतो, लायब्ररी खरा पत्ता धरते, आणि एकाच फंक्शनचे दोन पॉइंटर तुलनेत असमान ठरतात. ग्नू सी लायब्ररीचे दीर्घकाळचे प्रमुख उलरिख ड्रेपर यांनी प्रोटेक्टेड टाळण्याचाच सल्ला दिला होता. एक्स८६-६४ वर जीसीसी ५ ने (२०१५) स्थान-निरपेक्ष (स्मृतीत कुठेही उतरू शकणाऱ्या) प्रोग्रॅमांतही कॉपी रिलोकेशन आणल्याने प्रश्न अधिकच चिघळला. जीसीसी १२ मध्ये (२०२२) बाह्य चले थेट पत्त्याने न वाचण्याचा पर्याय आला. दोष प्रोटेक्टेडचा नसून कॉपी रिलोकेशनचा आहे, हा पक्ष अलीकडे बळावला आहे आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र ज्या लायब्ररीचे ग्राहक प्रोग्रॅम कसे बांधले जातील हे आपल्या हाती नाही, तिच्यात ड्रेपर यांचा सल्ला पाळणेच शहाणपणाचे.

अनेक कंपायलरांवर चालणाऱ्या लायब्ररीत सार्वजनिक फंक्शनांपुढे एक मॅक्रो (कंपाइल होण्यापूर्वी ठरावीक मजकुरात बदलणारे नाव) लिहिण्याची रीत आहे. विंडोजवर लायब्ररी बांधताना तो ‘डीएलएलएक्सपोर्ट’ होतो आणि वापरणाऱ्याकडे ‘डीएलएलइम्पोर्ट’. जीसीसी व क्लँगवर तो डिफॉल्ट दृश्यतेचे ॲट्रिब्यूट होतो, तर सनच्या कंपायलरवर ‘ग्लोबल’ हा खास शब्द. स्टॅटिक बांधणीत तो रिकामा हवा. ही चौथी शाखा हमखास विसरली जाते आणि विंडोजवरील लिंकर ‘इम्प’ या उपसर्गाची नावे सापडत नसल्याची तक्रार करतो. फंक्शनाला इम्पोर्टची खूण नसली तरी एका जादा उडीवर भागते. चलाला ती अनिवार्य आहे. सीमेक हे बांधणी-साधन असा मॅक्रो असलेली हेडर फाइल स्वतःच तयार करून देते. मॅक्रो लिहिला, पण जीसीसीला सर्व नावे आधी झाकण्याचा पर्याय दिलाच नाही, तर त्या साऱ्या खुणा निरुपयोगी ठरतात. ही चूक लायब्ररी बिनतक्रार चालत असल्याने वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

पर्याय व प्रॅग्मा यांतील एक फरक नीट ध्यानात घ्यावा. ‘एफव्हिजिबिलिटी’चा परिणाम बाह्य घोषणांवर (व्याख्या दुसरीकडे असलेल्या नावांवर) होत नाही, प्रॅग्माचा होतो. हिडनचे प्रॅग्मा उघडे ठेवून त्याच्या पोटात दुसऱ्या लायब्ररीचे हेडर घेतले, तर त्या लायब्ररीची फंक्शनेही ‘आपल्याच आत झाकलेली’ ठरतात आणि लिंकिंग फसते.

सी++ मध्ये लायब्ररीबाहेर फेकल्या जाणाऱ्या अपवादांचे (चालताना उद्भवलेल्या चुकीची वर्दी देणाऱ्या वस्तूंचे) वर्ग झाकून सहसा चालत नाही. फेकलेला अपवाद पकडताना प्रकार-माहितीची तुलना होते. काही अंमलबजावण्या ती पत्त्यावरून करतात, काही नावावरून. जेथे पत्ता पाहिला जातो तेथे दोन लायब्रऱ्यांतील झाकलेल्या प्रती वेगळ्या ठरतात, समोर ‘कॅच’ असूनही अपवाद निसटतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. डायनॅमिक कास्टलाही (चालताना वस्तूचा प्रकार तपासून केलेल्या रूपांतरालाही) हेच लागू. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर नावावरून तुलना करीत असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

मॅकवर निर्यात-नावांची यादी थेट लिंकरला देता येते. एआयएक्समध्येही निर्यात-फाइलींची स्वतंत्र परंपरा आहे. विंडोजच्या एका डीएलएलमधून ६५,५३५ हून अधिक नावे निर्यात होऊ शकत नाहीत, कारण क्रमांक १६ बिटांचा असतो. सरसकट सगळे उघडे करणाऱ्या मोठ्या सी++ लायब्रऱ्या या मर्यादेवर अडतात. तयार लायब्ररीतून प्रत्यक्षात काय बाहेर पडले, हे ईएलएफवर ‘एनएम’ किंवा ‘रीडईएलएफ’ने आणि विंडोजवर ‘डंपबिन’ने पाहता येते. ती यादी प्रकाशनापूर्वी तपासावी. चुकून उघडे राहिलेले नाव एकदा कोणी वापरू लागले की पुढच्या आवृत्तीत ते झाकणे म्हणजे त्याचा प्रोग्रॅम मोडणे होय.