टोर्नॅडो शिकवायचा तर मुलांना रडार वाचू द्या

डोळ्यांवर व्हीआर गॉगल चढवून मुलांना थेट टोर्नॅडोच्या पोटात नेण्याची टूम सध्या शिक्षणाच्या बाजारात जोरात आहे. मुलं दचकतात, ओरडतात, पुन्हा बघायचं म्हणून रांग लावतात. पण गॉगल उतरवल्यावर विचारा, की ही हवा गरगरायला लागली कशामुळे आणि तिचा वेग कळला कसा? उत्तर मिळत नाही, कारण समोर होतं ते कुणीतरी रंगवलेलं चित्र. त्यात मोजण्याजोगं काहीच नव्हतं. सहावी ते नववीच्या मुलांना टोर्नॅडो समजावायचा, तर माझ्या मते सगळ्यात चांगलं साधन म्हणजे डॉप्लर रडारच्या, म्हणजे परतलेल्या लहरींवरून वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, खऱ्या नोंदी. अमेरिकेत अशा सुमारे १६० रडारांचं जाळं आहे. त्याच्या १९९० च्या दशकापासूनच्या नोंदी 'नोआ' ही तिथली सरकारी संस्था कुणालाही फुकट देते, आणि त्या उघडून पाहायचं सॉफ्टवेअरही.

टोर्नॅडोची गोष्ट थोडक्यात अशी: जमिनीलगत वारा मंद आणि वर जोरात वाहत असला, की मधली हवा आडव्या अक्षाभोवती फिरू लागते. गडगडाटी ढगात वर चढणारा झोत हे आडवं फिरणं उचलून उभं करतो. ढगाच्या पोटात काही किलोमीटर रुंदीचा फिरता स्तंभ तयार होतो. तो ताणला जाऊन अरुंद झाला की कोनीय संवेगाच्या नियमाने (फिरणारी गोष्ट आकसली की आणखी जोरात फिरते) त्याची गती वाढते. पण असे बरेचसे स्तंभ टोर्नॅडो न होताच विरतात. नेमका कुठला जमिनीला टेकणार, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. डॉप्लर परिणाम (उगम जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो) शाळेत शिट्टी देत जाणाऱ्या आगगाडीवरून शिकवतात आणि तिथेच सोडून देतात. त्याऐवजी दोन मोबाइल घ्यावेत. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेल्या 'फायफॉक्स' या मोफत ॲपमध्ये यासाठी तयार प्रयोग आहे. एका फोनवर १००० हर्ट्झचा सूर लावून तो दुसऱ्याकडे सेकंदाला एक मीटर वेगाने नेला, तर वारंवारता सुमारे ३ हर्ट्झने वाढलेली पडद्यावर दिसते. लांब नेला तर तेवढीच घटते. म्हणजे केवळ सूर ऐकून वेग सांगता येतो! रडार हेच सूक्ष्मलहरींनी करतं. थेंबांवरून परतलेल्या लहरीतला फरक पाहून ते प्रत्येक ठिपक्याला वेग देतं: रडारकडे येणारा हिरवा, लांब जाणारा लाल.

रडारकडे पाठ करून ढगाकडे पाहा. डावीकडे भडक हिरवा ठिपका आणि त्याला खेटून, रडारपासून तितक्याच अंतरावर, उजवीकडे भडक लाल दिसला, तर एका बाजूची हवा तुमच्याकडे येते आहे आणि शेजारची लांब जाते आहे. म्हणजेच तिथे काहीतरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं आहे. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीत झालेल्या टोर्नॅडोच्या नोंदी तपासताना संशोधकांना हे फिरणं जमिनीच्या आधी ढगात सापडलं. इशारा देण्याचं सारं शास्त्र त्यावर उभं राहिलं.

पण हिरव्याच्या ऐन मध्ये अचानक लाल ठिपका उगवतो, तेव्हा खरी मजा येते. तो लांब जाणारा वारा नसतोच. रडार सेकंदाला साधारण हजार स्पंद (लहरींचे छोटे झटके) सोडतं आणि लागोपाठच्या स्पंदांमध्ये लहरीची कला (लहर आपल्या चढउतारात कुठवर आली ते) किती सरकली ते पाहतं. लहरीची लांबी सुमारे १० सेंटिमीटर. दोन स्पंदांमध्ये जाण्यायेण्याचा मार्ग अर्ध्या लहरीपेक्षा, म्हणजे ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त बदलला, तर कला पुढे सरकली की मागे, हे रडारला ओळखता येत नाही. मोबाइलने चित्रित केलेला पंखा कधीकधी उलटा फिरताना दिसतो, तसंच हे. हिशेब केला तर मर्यादा सेकंदाला २५ मीटर येते. ३० मीटर वेगाने येणारी हवा मग २० मीटर वेगाने लांब जाताना दिसते; ५० चा फरक मुलांनी स्वतः लावायचा. मग स्पंद वाढवावेत ना? वाढवले, तर दूरच्या ढगाचा प्रतिध्वनी परतायच्या आत पुढचा स्पंद निघालेला असतो. हजार स्पंदांना ही हद्द १५० किलोमीटर पडते. वेग आणि अंतर या दोन मर्यादांचा गुणाकार लहरीच्या लांबीने बांधलेला आहे, एक ताणली की दुसरी आखडते.

स्वतः मोजण्याची सवय लागली की ऐकीव समजुती टिकत नाहीत. कॅन्ससमधल्या टोपेका शहरात बर्नेट टेकडी टोर्नॅडोपासून गावाचं रक्षण करते, अशी लोकांची श्रद्धा होती. ८ जून १९६६ ला टोर्नॅडो त्याच टेकडीवरून शहरात उतरला. दाब समान राहावा म्हणून खिडक्या उघडा, हा सल्लाही असाच निराधार. त्यात आडोसा गाठायचा वेळ वाया जातो.

वर्गात घ्यायची तर २० मे २०१३ ची नोंद घ्या. ओक्लाहोमातलं मूर शहर आणि जवळचंच रडार. स्थानिक वेळ दुपारी २:४० पर्यंतचीच चित्रं दाखवा आणि विचारा, इशारा द्यायचा का? हवामान खात्याने त्या मिनिटाला तो दिला होता. टोर्नॅडो २:५६ ला टेकला. त्यात २४ माणसं गेली, त्यांतली ७ मुलं एका प्राथमिक शाळेतली. पुढची चित्रं उघडताना वेगाशेजारी सहसंबंध गुणांकाचा (एका ठिकाणचे कण किती एकसारखे आहेत ते सांगणाऱ्या आकड्याचा) नकाशाही लावा. पावसाचे थेंब एकसारखे असल्याने तो ०.९५ च्या वर असतो. मूरवर तो एका गोल डागात ०.८ च्या खाली घसरतो, कारण तिथे हवेत थेंबांसोबत फळ्या, पत्रे आणि छपरांचे तुकडे आहेत.

त्यानंतर लगेच हिरवी-लाल जोडी दिसूनही टोर्नॅडो न झालेली एखादी नोंद द्यावी. अमेरिकेत दहापैकी सुमारे सात टोर्नॅडो-इशारे फुकट जातात. याचं एक कारण मुलांना कागदावर काढता येतं. रडारची सर्वात खालची शलाका (लहरींचा झोत) जमिनीशी अर्धा अंश कोन करून निघते आणि पृथ्वी खाली वळत जाते. १०० किलोमीटरवर शलाकेचा मध्य जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असतो. खाली काय चाललं आहे, ते तिला दिसतच नाही. मूर आणि त्या दुसऱ्या नोंदीतल्या जागेचं रडारपासूनचं अंतर नकाशावर मोजून दोन्हीकडची उंची काढायला सांगा.