शॉर्टकट व्हायरस आणि बनावट एपीके: नाव एकच, इलाज वेगळा

सेतू केंद्रात पेन ड्राइव्ह लावला आणि सातबारा, पीक विम्याची पावती ठेवलेल्या फोल्डरच्या जागी बाणाचं चिन्ह असलेले शॉर्टकट दिसले, तरी लोक म्हणतात 'व्हायरस आला'. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं 'पीएम किसान' नावाचं एपीके (अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकायची फाइल) टाकल्यावर खात्यातले पैसे गेले, तरीही तेच म्हणतात. इलाज मात्र अगदी वेगळे आहेत.

पेन ड्राइव्हवरचा बहुधा वर्म असतो. तो आपल्या नकला स्वतःच करतो आणि मशीनवरून मशीनवर जातो. फायली तो सहसा खोडत नाही, लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकट दाबला की फोल्डर उघडतो, सोबत लपलेली स्क्रिप्टही, म्हणजे वर्मचा छोटा प्रोग्रामही, चालते. म्हणून शंका येत नाही. घाईत पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला तर कागदपत्रं जातात, आणि कॉम्प्युटरमध्ये वर्म तसाच असल्यामुळे पेन ड्राइव्ह पुन्हा लावताच तो परत येतो. म्हणून आधी कॉम्प्युटरचं अपडेटेड अँटिव्हायरसने फुल स्कॅन करा, मग पेन ड्राइव्हचं. नंतर फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. फिकट दिसणाऱ्या फोल्डरांतून फक्त पीडीएफ आणि फोटो कॉपी करा. फॉरमॅट शेवटी.

बनावट एपीके हा ट्रोजन, म्हणजे कामाच्या ॲपचं सोंग घेऊन येणारा घातक प्रोग्राम. फोनमध्ये तो आपल्या हातानेच शिरतो: 'अननोन ॲप्स'ची परवानगी आपण देतो, मग एसएमएस वाचायची. तिथून ओटीपी थेट चोराकडे. काही ट्रोजन आपल्या व्हॉट्सॲपवरून तेच एपीके ओळखीच्यांना पाठवतात; त्यामुळे हा आपोआप पसरतो असं वाटतं, पण समोरच्याने इन्स्टॉल केल्याशिवाय त्याचं काही चालत नाही.

इथे खरी शर्यत वेळेशी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. व्हॉट्सॲपमधला मेसेज खोडल्याने ॲप जात नाही, उलट पुरावा जातो. आधी त्याचा फोटो काढून ठेवा. ॲपचं चिन्ह बरेचदा लपलेलं असतं, म्हणून सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत शोधा. 'अनइन्स्टॉल' दबत नसेल तर आधी त्याची डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढा. तरीही शंका उरली तर फोनमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करा. यूपीआय पिन आणि पासवर्ड स्वच्छ फोनवरूनच बदला. कोणतंही सरकारी ॲप प्ले स्टोअरवरून घ्या, ग्रुपमधल्या फायलीवरून नाही. फाइल सख्ख्या भावाच्या नंबरवरून आली असली तरी.